‘ठग’ हा शब्द आपण परत कोणाकडून घेतला?

१/ दर दोन-तीन महिन्यांनी इतिहासाच्या पानांवर एक चित्र हमखास उगवते. काळी पार्श्वभूमी, दाढीवाला माणूस, हातात पिवळा रुमाल आणि खाली ठळक अक्षरांत : ‘ठग बहराम, ९३१ खून, जगातील सर्वांत मोठा खुनी.’ त्याखाली आपलीच मुले लिहितात, ‘इंग्रज आले म्हणून वाचलो.’ लगेच दुसरा गट धावून येतो, ‘ठग वगैरे कोणी नव्हतेच, सारे इंग्रजांचे कुभांड!’ मग शंभर-दीडशे प्रतिक्रियांची हाणामारी. दोन्ही पक्ष एकच शब्द एकमेकांवर फेकतात. पण तो शब्द आला कोठून, कोणाच्या हातून आला, हे विचारायला कोणीच थांबत नाही. हा धागा त्या शब्दाविषयी आहे. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

२/ आधी त्या ९३१ चा निकाल लावू. हा आकडा गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात गेला आणि तेथून अजरामर झाला. त्याचे मूळ मात्र लखनौच्या रेसिडेंटचा सहायक जेम्स पॅटन याच्या हस्तलिखित टिपणांत आहे. पॅटनने ठगांचे जबाब घेतले आणि कोण किती खुनांशी संबंधित, याची यादी केली. त्या यादीत बहरामच्या नावापुढे ९३१ आहेत. त्याच टिपणांत बहरामचे स्वतःचे म्हणणेही आहे : आपल्या हाताने सुमारे १२५ जणांचा गळा आवळला असेल आणि आणखी दीडशे जणांचा आवळताना पाहिला असेल. एकाच माणसाच्या एकाच दप्तरातले हे दोन आकडे. जगाने त्यातला मोठा उचलला, ‘संबंधित’ हा शब्द गाळला आणि त्या जागी ‘स्वहस्ते’ घातला.

३/ शिवाय बहराम हा माफीचा साक्षीदार होता. अशा माणसाचा जीव त्याच्या सांगण्यावर टिकून असतो. कमी सांगितले तर तो निरुपयोगी ठरतो. जास्त सांगितले तर साहेबाच्या अधिक कामाचा. म्हणजे १२५ हा आकडादेखील डोळे मिटून घेण्याजोगा नाही. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम विचारायचे ते हेच, की हे कोण सांगतो आहे आणि सांगितल्याबद्दल त्याला काय मिळते आहे.

४/ आता शब्दाकडे. ‘ठग’ आपल्या भाषांत फार जुना आहे. संस्कृतात ‘स्थग्’ हा धातू आहे. अर्थ झाकणे, लपवणे. (सभागृहाचे कामकाज ‘स्थगित’ होते, त्यातला धातू हाच. योगायोग समजावा.) त्यावरून ‘स्थग’ म्हणजे लबाड, कपटी, प्राकृतातून हिंदीत ‘ठग’ आणि मराठीत ‘ठक’ व ‘ठग’ दोन्ही. आपल्याकडे ठकवणे, ठकबाजी, ठकसेन अशी त्याची सारी पिलावळ नांदते. ठकास महाठक भेटतो. या संपूर्ण कुळात रक्ताचा थेंब नाही. मराठीतला ठक तुमची पिशवी लांबवतो, खोटे नाणे हाती देतो, गोड बोलून जमीन लिहून घेतो. तो गळा आवळत नाही. आणि मुख्य म्हणजे ठक ही जात नव्हे, पंथ नव्हे. ते वर्तनाचे नाव आहे. आज एखादा ठक निघाला म्हणून त्याचा नातू ठक ठरत नाही.

५/ फारसी तवारिखांतही हा शब्द येतो. झियाउद्दीन बरनी सांगतो की जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे १२९० च्या सुमारास, दिल्लीत हजारभर ठग पकडले गेले. सुलतानाने त्यांना ठार न करता नावांत घालून लखनौतीकडे, बंगालात, पाठवून दिले. या एका उल्लेखावरून ‘ठगांचा पंथ सातशे वर्षांचा’ असे सिद्ध करणारे महाभाग आहेत. बरनी ना देवीचे नाव घेतो, ना रुमालाचे. दिल्लीचे ते ठग आणि पाचशे वर्षांनंतरचे चंबळकाठचे ठग यांच्यात समान काय, तर एक शब्द. बाराव्या शतकातला ‘चोर’ आणि आजचा ‘चोर’ यांना एका घराण्यात बसवण्यासारखेच हे झाले.

६/ येथे दुसऱ्या गटाला आनंद होईल, म्हणून त्यांचीही गाठ घेतो. खून झाले होते. १८०९ च्या सुमारास इटाव्याचा मॅजिस्ट्रेट टॉमस पेरी याच्या हद्दीत विहिरींतून प्रेते निघू लागली. त्यांना ना कोणी ओळखणारे होते, ना कोणी तक्रार करणारे. कारण मेलेले सारे परमुलखातले वाटसरू होते. रजेवर पगार घेऊन गावी निघालेले शिपाई, नोकरीच्या शोधातले लोक, सावकारांचा ऐवज वाहणारे जासूद. वाटेत सोबत करायची, विश्वास मिळवायचा, मुक्कामी गळा आवळायचा, पुरायचे, पुढे चालायचे. ‘ठग’ हे नाव त्यांना शोभले ते या विश्वासघातामुळे. मूळ अर्थाशी तेवढे नाते होते.

७/ याची झळ आपल्या मुलखालाही लागली. माळव्यातली अफू खरेदी करण्यासाठी मुंबईहून इंदूरकडे रोकड जात असे, आणि ती वाट खानदेशातून, तापी ओलांडून जाई. १८२० च्या दशकाच्या अखेरीस या वाटेवर ऐवज वाहणाऱ्यांच्या तुकड्याच्या तुकड्या नाहीशा झाल्या. त्यांच्या घरच्यांना पुढची अनेक वर्षे काही कळले नसेल. ‘सारे कुभांड’ म्हणणाऱ्याने या माणसांकडे पाठ फिरवलेली असते. इंग्रजांचा खोटेपणा दाखवण्यासाठी आपल्याच मेलेल्या माणसांना खोटे ठरवणे, हा कसला स्वाभिमान?

८/ मग हे मारेकरी होते कोण? उपलब्ध जबाब नीट वाचले तर देवीवेडा पंथ दिसत नाही. दिसतो तो एक हंगामी धंदा. पावसाळ्यात शेती, पावसाळा सरला की टोळी. कोणी फौजेतून सुटलेला, कोणी कर्जबाजारी शेतकरी, कोणी पिढीजात, कोणी यंदाच सामील झालेला. हिंदू होते तसे मुसलमानही होते. आणि त्यांना आसरा देणारे जमीनदार होते, लुटीतला वाटा घेणारे अंमलदार होते. आणखी एक गोष्ट, जी आपल्याला आवडणार नाही : शिंद्यांच्या अंमलाखालच्या चंबळ भागात ठगांच्या घरांवर कर बसवून वसूल केल्याच्या नोंदी आहेत. दरबाराला त्यांचा धंदा ठाऊक होता आणि त्यातून महसूल येत होता. आपले म्हणून हे पान दुमडून ठेवता येत नाही.

९/ म्हणजे गुन्हा खरा होता. खोटे होते ते नाव. कंपनीच्या कागदांत सुरुवातीला या लोकांना एक नावही नव्हते. दक्षिणेत त्यांना ‘फांसीगार’ म्हणत. मद्रासचा डॉक्टर रिचर्ड शेरवुड याने १८१६ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला, तो याच नावाने. उत्तरेत ‘ठग’. निरनिराळ्या मुलखांत निरनिराळ्या टोळ्या, निरनिराळ्या रीती. एका नावाखाली एक अखिल हिंदुस्थानी, गुप्त, वंशपरंपरागत आणि धार्मिक संघटना उभी राहिली ती १८३० नंतर. ती उभी करणारा माणूस म्हणजे विल्यम हेन्री स्लीमन.

१०/ स्लीमनला खलनायक करण्याची गरज नाही. माणूस कष्टाळू होता, प्रामाणिक होता, देशी भाषा जाणत होता. तो नरसिंहपूरला जिल्ह्याचा अधिकारी असताना त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर ठगांची वस्ती होती, आणि एका मजलेवरच्या आमराईत प्रेते पुरली जात होती. हे आपल्याला कळलेही नाही, अशी कबुली त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवली. माझ्या मते पुढच्या साऱ्या आवेशाचे मूळ या धक्क्यात आहे. डोळ्यांसमोरचे दिसले नाही, तर ते फार खोल, फार प्राचीन, फार गूढ असलेच पाहिजे! सामान्य दरोडेखोरांनी आपल्याला इतके फसवले, हे मान्य करणे कोणत्या अधिकाऱ्याला रुचेल?

११/ १८३० च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका साहित्यिक नियतकालिकात एक निनावी पत्र छापून आले. विंध्याचलचे देवीचे मंदिर, तेथील पुजारी, ठगांची भक्ती आणि या सैतानी व्यवस्थेचा समूळ नाश करण्याचे सरकारला आवाहन. लेखक स्लीमनच होता. पत्र वरपर्यंत पोहोचले, योजना मागवली गेली, आणि काही वर्षांत तो ठगीविरोधी मोहिमेचा प्रमुख झाला. वृत्तपत्रात निनावी ओरड करायची आणि मग त्याच ओरडीच्या उत्तरादाखल अधिकार मिळवायचे, ही युक्ती आजच्या काळाला नवी वाटणार नाही.

१२/ १८३६ मध्ये त्याचा ‘रामासीयाना’ हा ग्रंथ आला. ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश आणि माफीच्या साक्षीदारांशी झालेले संवाद. तो अवश्य वाचा, पण प्रश्न आधी वाचा आणि उत्तरे नंतर. प्रश्नकर्त्याला देवी हवी आहे. मुसलमान ठगांना तो पुन्हा पुन्हा विचारतो की तुमच्या धर्मात भवानी कशी बसते. ठग शकुन पाहत, देवीला नवस बोलत, हे खरेच आहे. पण त्या काळी नांगर धरण्यापूर्वी, लग्नाला निघण्यापूर्वी, लढाईला जाण्यापूर्वी शकुन कोण पाहत नव्हते? कोळी होडी समुद्रात घालताना नारळ वाहतो, म्हणून मासेमारी हा काही नारळाचा पंथ होत नाही.

१३/ आता कायदा, कारण शब्दाचा खरा घात तेथे झाला. १८३६ चा तिसावा कायदा. त्याने सांगितले : जो मनुष्य, हा कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, कंपनीच्या हद्दीत किंवा हद्दीबाहेर, ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. पुन्हा एकदा सावकाश वाचा. खून सिद्ध करायचा नाही. लूट सिद्ध करायची नाही. तो ‘ठग होता’ एवढे सिद्ध करायचे. आणि ठग म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हतीच! मुसलमान कायदेपंडितांचा फतवा घेण्याची जुनी अटही याच कायद्याने उडवली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची साक्ष ग्राह्य ठरवली. म्हणजे एका ठगाने बोट दाखवावे, की हा ठग, संपले.

१४/ जो शब्द ‘काय केले’ हे सांगत होता, तो आता ‘कोण आहे’ हे सांगू लागला. माझे भांडण आहे ते याच बदलाशी. चारशेहून अधिक माणसे फासावर गेली, त्याहून अधिक काळ्या पाण्यावर. त्यांतले बहुतेक दोषी असतीलही. सगळे होते का, हे कळण्याचा मार्गच त्या कायद्याने बुजवून टाकला. माफीचे साक्षीदारदेखील सुटले नाहीत. जबलपूरच्या वस्तीत कुटुंबकबिल्यासह डांबून त्यांना तंबू आणि गालिचे विणायला बसवले.

१५/ मोहीम संपली, पण आकडे फुगत राहिले. स्लीमनचा नातू जेम्स स्लीमन याने १९३३ मध्ये ठगांवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच दहा लाख खून घातले. अलीकडे, २००५ मध्ये, माइक डॅश याने उपलब्ध कागदांवरून फार तर पन्नास हजारांच्या आसपास असा अंदाज बांधला. डॅश ठगांचा कैवारी मुळीच नाही, आणि पन्नास हजार हीसुद्धा भयंकरच संख्या आहे. पण वीस पटींचा फरक एका नातवाच्या कुळाभिमानातून येतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१६/ आता हा शब्द जहाजात बसतो. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये निघाली. (हाच टेलर, निजामाच्या चाकरीतला, पुढे नळदुर्गला राहिलेला.) पुस्तक तडाख्याने खपले, राणी व्हिक्टोरियाने छपाईचे सुटे कागदच मागवून वाचले, असे खुद्द टेलरने सांगितले आहे. फ्रान्समध्ये यूजीन स्यू याने आपल्या गाजलेल्या कादंबरीत एक ठग आणून बसवला. शब्द घरोघरी गेला. उच्चार मात्र वाटेत सांडला : आपल्या ‘ठ’ साठी लिहिलेली दोन अक्षरे इंग्रज वाचकाने आपल्या सवयीने ‘थ’ अशी वाचली आणि ‘ठग’ चा ‘थग’ झाला.

१७/ आणि पाहा, त्याच १८३९ मध्ये टॉमस कार्लाइल चार्टिस्ट चळवळीवर लिहिताना ग्लासगोच्या कामगारांच्या संदर्भात ‘ठगी’ हा शब्द वापरतो. कोणासाठी? संप करणाऱ्या, संघटना बांधणाऱ्या सूतगिरणी कामगारांसाठी. त्या संपात हिंसा झाली होती, एका संपफोड्याला गोळी घातली गेली होती. ते नाकारण्याचे कारण नाही. पण शब्दाचे काम ध्यानात घ्या. टेलरची कादंबरी निघून वर्षही झाले नाही, तोच त्याला आपला खरा धंदा सापडला : ज्यांच्या मागण्या ऐकायच्या नाहीत त्यांच्या कपाळी मारण्याचा शिक्का. एकदा ‘थग’ म्हटले की पुढे बोलणेच खुंटते. उरतो तो फक्त बंदोबस्त.

१८/ अमेरिकेत हा शिक्का हळूहळू काळ्या तरुणांवर स्थिरावला. टुपाक शकूरने १९९० च्या दशकात ‘थग लाइफ’ म्हणत तो पोटावर मिरवला तो याच कारणाने. अंगावर फेकलेला दगड उचलून त्याचा अलंकार केला. २०१४ मध्ये फुटबॉलपटू रिचर्ड शर्मनने जाहीरपणे सांगितले की काळ्यांसाठीची जुनी शिवी आता उघड देता येत नाही म्हणून लोक हा शब्द वापरतात. पुढच्या वर्षी बाल्टिमोरमध्ये पोलिसांच्या ताब्यातील तरुणाच्या मृत्यूनंतर दंगल उसळली, तेव्हा शहराच्या महापौरांनी आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांनी दंगलखोरांना ‘थग्ज’ म्हटले. दोघेही कृष्णवर्णीय. नगरसेवक कार्ल स्टोक्स यांनी दूरचित्रवाणीवर याला हरकत घेतली. आपल्याकडे मात्र एखाद्याने चुरचुरीत उत्तर दिले की चित्रफितीवर काळा चष्मा चढतो आणि ‘थग लाइफ’ चे संगीत वाजते. आपलाच शब्द आपण ओळखलादेखील नाही.

१९/ येथवर आल्यावर कोणीतरी म्हणेल, ‘शब्दांचे अर्थ बदलतातच. एवढे काय त्यात?’ बदलतात, मान्य. पण हा अर्थ आपोआप झिजून बदलला नाही. कचेरीत बसून, कलम लिहून, बदलण्यात आला. आणि त्याची संतती आपल्या दारात आहे. ‘माणूस काय करतो हे न पाहता तो कोणत्या टोळीचा हे पाहा’ ही कल्पना ठगीच्या कायद्यात एकदा रुजली. तिचेच पुढचे पीक म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. येथे टोळीच्या जागी सरळ जात आली. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी, जन्मतःच गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. सोलापुरात तारांच्या कुंपणाआड वस्ती होती. त्या भागाचे ‘सेटलमेंट’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे.

२०/ ‘भामटा’ हा शब्दही तपासा. तो शिवी म्हणून वापरताना ते एका समाजाचे नाव आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते? लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आत्मकथनाचे नावच ‘उचल्या’ ठेवले. लोकांनी जे नाव शिक्का म्हणून मारले तेच मुखपृष्ठावर. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि बातम्यांत ‘अमुक जमातीचा सराईत’ हे वाचत राहिलो.

२१/ म्हणून ‘ठगी पंथ’ हे दोन शब्द मराठीत लिहिणाऱ्याशी मी भांडतो. ‘ठगांच्या टोळ्या’ लिहा, ‘वाटमारे खुनी’ लिहा, ‘फांसीगार’ लिहा. कोणीही रोखणार नाही. पण ‘पंथ’ लिहिताच तुम्ही स्लीमनचे निनावी पत्र त्याच्या वतीने पुन्हा टपालात टाकता. स्पीलबर्गच्या १९८४ च्या चित्रपटात अमरीश पुरी जिवंत माणसाचे काळीज काढतो, तेही त्याच पत्राचे दूरचे वंशज. ते परक्यांचे अज्ञान म्हणून सोडून देऊ. आपल्या धाग्यांत, आपल्या भाषेत, तेच चित्र लावून ‘भारताचा काळा इतिहास’ लिहिणाऱ्यांना मात्र ती सवलत नाही. त्यांच्या घरात ‘ठकवणे’ हा शब्द रोज बोलला जातो.

२२/ राहिला कायद्याचा हिशेब. ठगी व दरोडा खाते १९०४ पर्यंत चालले. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला पूर्णपणे गेला. म्हणूनच त्या दिवशी विमुक्त दिन असतो. त्याच्या जागी राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत मात्र ‘ठग’ ची व्याख्या आणि त्याला जन्मठेप, कलम ३१० आणि ३११, स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. ती गेली १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा, आणि गेल्याची कोणी फारशी दखलही घेतली नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत कैद्यांना जातीवरून कामे वाटणारी आणि विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार मानणारी कलमे घटनाबाह्य आहेत. ती बदलण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत मिळाली.

२३/ आकड्यांवर आणि शिंद्यांच्या करावर हरकती येणार, हे ठाऊक आहे. अवश्य घ्या, खाली लिहा. फक्त बहरामचे चित्र पुरावा म्हणून लावू नका.